आपोआप फिरणारं बटण

माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात रिमोट मी नेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला संशयाचा फायदा द्यायला नको. चांगल्या मनानं नेला, पाडव्याच्या मुहूर्तावर नेला, वर नारळ फोडून नेला... पण नेला मीच.

दाजी जाऊन आता महिना उलटून गेला. बातमी आली तेव्हा मी राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला टीव्ही दाखवत होतो. फोनवर अक्का. "म्हादू, ये," एवढंच म्हणाली. दुकानदाराच्या डोक्यात दुसरं काय येणार? मी विचारलं, "का गं? काय बिघडलं काय?" ती म्हणाली, "व्हय. बिघडलं. ये तू." मी चक्क पान्याची पिशवी घेऊन स्कूटरला लाथ मारली. शाहूपुरीत पोचलो तर दारात माणसं, चपलांचा ढीग आणि जिन्यात दाजींच्या पेढीवरचे हमाल डोक्याची टोपी हातात घेऊन उभे. मी त्या सगळ्यांतून हातात पिशवी घेऊन वर गेलो. लोकांनी वाट दिली. त्यांना वाटलं असेल, मेहुण्याला काहीतरी महत्त्वाचं काम असणार.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. दाजींना सोप्यात भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात माळा, मान किंचित डावीकडं. रोज संध्याकाळी गाणं ऐकायला बसायचे तसेच बसले होते, तीच जागा, तीच मान. डावीकडं त्यांचा ॲम्प्लिफायर. त्याच्यावर कुणीतरी उदबत्त्यांचं घर ठेवलं होतं. आणि मी काय करावं? दाजींच्या पायावर डोकं ठेवायच्या आधी मी ते उदबत्तीचं घर उचलून खाली ठेवलं, राख जाळीतून आत पडेल म्हणून. हात आपोआप गेला. वर पाहिलं तर अक्का माझ्याकडंच बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती. ती नजर मी घरी घेऊन आलो, ती अजून माझ्याकडं आहे, आणि हे लिहितोय ते त्या नजरेपायी.

दाजींची गुळाची अडत. खाली पेढी, वर घर. अक्काचं लग्न झालं ते नव्वदच्या आसपास. आम्ही नेसरीचे, शेतीवाले; दाजींचं घर व्यापाऱ्याचं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. दाजींचे वडील अप्पा आणि आई अव्वा, दोघंही तेव्हा ठणठणीत. सोप्यात गादी, गादीवर संध्याकाळी व्यापारी, गुऱ्हाळवाले, गावाकडचे पै-पाहुणे. तिथं सुनेनं यायचं नाही. चहासुद्धा गड्याच्या हातून बाहेर यायचा. नवराबायकोनं चारचौघांत एकमेकांशी बोलायचं तर नावच नको. दिवसा दोघांची गाठ पडायची ती जेवताना, तीही ताट वाढण्यापुरती, आणि अव्वा मधे पाट टाकून बसलेल्या. अप्पा तर जुन्या बाजारातले. त्यांच्या तरुणपणी गुळाचा भाव तोंडानं बोलत नसत. दोन व्यापारी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायचे आणि सौदा ठरायचा. शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागायचा नाही. पुढं बाजारात ती पद्धत बंद झाली. पण त्या घरानं ती बाजारातून उचलून संसारात आणून ठेवली असावी, असा माझा आताचा अंदाज आहे. तेव्हा माझ्याकडं अंदाज वगैरे काही नव्हता. तेव्हा माझ्याकडं फक्त ज्ञान होतं.

कारण मी तेव्हा कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होतो. म्हणजे वर्गात कमी आणि अक्काच्या ताटावर जास्त. दाजी बोलायला अतिशय कमी. मला मात्र कायम "पावणं" म्हणायचे. मेहुणा रोज जेवायला आला तरी पाहुणाच, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात टोमणा किती आणि माया किती हे मला कधीच मोजता आलं नाही. त्यांना शौक एकच, गाणं. मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी जुना जपानी ॲम्प्लिफायर आणला होता, दोघांनी उचलायचा. पुढच्या बाजूला आवाजाचं एकच मोठं गोल बटण, ॲल्युमिनियमचं, चांगल्या कंदी पेढ्याएवढं. ते फिरवताना हाताला असं लागायचं की थिजायला आलेल्या तुपात पळी फिरवतोय. दाजी गुळाची ढेप जशी अंगठ्यानं दाबून बघायचे, तसेच त्या बटणावर आधी नुसता हात ठेवायचे, मग फिरवायचे. शेजारी लाकडी खुर्ची. गादी सोडून ते त्या खुर्चीतच बसायचे, कॅसेट बदलायला बरं म्हणून. निदान कारण तेच सांगायचे.

संध्याकाळचा चहा झाला की दाजी कॅसेट लावायचे. आधी बेताचा आवाज. माणसं गप्पा मारताहेत, अप्पा तक्क्याला टेकलेत. मग हळूहळू बटण वर, आणखी वर... तबल्याच्या थापेला खिडकीची काच थरथरायला लागायची. गादीवरची माणसं एकमेकांच्या कानात बोलायला लागायची. मग आतून अव्वांची हाक यायची, "साकु रे! पुरे की! डोसकं उठलं माझं! गौरा, जा गं, कमी कर जा ते!" आणि माझी अक्का बाहेर यायची. ओले हात पदराला पुसत, पदर डोक्यावर, नजर खाली. गादीवरची माणसं पाय आवरून वाट द्यायची. ती सरळ ॲम्प्लिफायरपाशी जाऊन उभी राहायची आणि बटण कमी करायची. दाजी खुर्चीत, ती उभी, मधे वीतभर अंतर. कमी करायला असा कितीसा वेळ लागतो? पण तिला लागायचा. थोडं कमी, मग पुन्हा थोडं, मग अगदी जरासं वर. मग आत जायची. कधी कधी ती दारापर्यंत पोचायच्या आत दाजी पुन्हा आवाज वाढवायचे आणि अव्वा पुन्हा ओरडायच्या, "गौरा!"

मी हे बसून बघायचो, आणि माझं निदान काय? तर दाजींना आवाजाची समज नाही. मी त्यांना खोलीचा आकार, छपराची उंची, स्पीकरची तोंडं कुठं हवीत, सगळं समजावून सांगायचो. "दाजी, ह्या खोलीला एवढा आवाज लागतच नाही. निम्म्यात काम होतंय." दाजी शांतपणे ऐकून घ्यायचे. "व्हय काय? कळालं," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी काच पुन्हा थरथरायची. मी मनात म्हणायचो, गूळवाल्याला काय कळणार.

पुढं मी दुकान टाकलं. अप्पा गेले, मागोमाग अव्वाही गेल्या. आता अक्काला सोप्यात यायला कुणाची आडकाठी नव्हती. तिनं बाहेर येऊन खुशाल गादीवर बसावं, हवं ते बोलावं. पण माणसं अशी एका दिवसात मोकळी होत नाहीत. बसायची ती आतच. संध्याकाळी दाजी आवाज वाढवायचे आणि ती, कुणी हाक न मारता, हात पुसत बाहेर यायची. बटणावर हात ठेवून तिथंच उभी राहायची आणि बोलणं तिथं व्हायचं. "गॅस संपत आलाय." "सांगतो." "गडहिंग्लजच्या लग्नाला कोण जाणार?" "तू म्हणशील ते." पोरीला मराठी शाळेत घालायचं की इंग्लिश मीडियमला, हे त्या बटणापाशी ठरलं. नेसरीच्या आमच्या वाटणीत भांडायचं नाही, हेही तिथंच ठरलं. मी समोर गादीवर भडंग खात बसलो होतो आणि मला वाटलं, ही आवाज कमी करतेय. बोलणं संपलं की ती बटण जरा खाली करून आत. मला दिसायचं काय? माझी बहीण दिवसभर राबते, आणि वर संध्याकाळी ह्या माणसाच्या आवाजापायी तिला सारखं उठावं लागतं. मला तिची दया यायची. अगदी खरी दया. दया आली की माझ्या हातून हमखास काहीतरी वाईट होतं.

नव्वदीच्या शेवटाला भारीतल्या ॲम्प्लिफायरनाही रिमोट यायला लागले. त्यातल्या एका कंपनीचं यंत्र बघून मी खुळाच झालो. बाकीचे रिमोट आतल्या आत आवाज कमीजास्त करायचे. ह्याच्या बटणामागं बारकी मोटर होती. आपण लांबून रिमोट दाबला की समोरचं बटण आपोआप फिरायचं, गुर्रर करत, जसं काही अदृश्य माणूस येऊन फिरवतोय. मी ठरवलं, हे दाजींच्याच घरी. पाडव्याला टेम्पोत घालून नेला. दाजींनी जुन्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "पावणं, हे चालतंय की अजून." मी म्हटलं, "दाजी, चालतंय म्हणून बैलगाडीतनं फिरताय काय?" दाजी हसले. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नव्हतं, मला तर कधीच नाही. जुना ॲम्प्लिफायर इचलकरंजीच्या एका कारखानदाराला हवाच होता; तो त्याच टेम्पोतून परस्पर रवाना केला. मी कामाला पक्का.

मग मी घरातल्या सगळ्यांना सोप्यात बोलावलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी नारळ फोडला, सीडी लावली, दूर गादीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि जादूगारासारखा हात वर करून रिमोट दाबला. बटण फिरायला लागलं. पोरीनं टाळ्या वाजवल्या. अक्का म्हणाली, "आगं बया... कोण फिरवालंय ते?"

"कोण न्हाय! आपोआप! अक्का, आता तुला उठून यायला नको. दाजी बसल्या जागी कमी करतील."

दाजी बटणाकडं बघत होते. म्हणाले, "म्हणजे हात लावायचाच न्हाय?"

"गरजच न्हाय दाजी!"

अक्का दारातून आत गेली. मी पाठोपाठ आत जाऊन पाटावर बसलो आणि खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे आमची खीर, पुन्हा पुन्हा मागून घेतली. वाढताना तिचा हात जरा जोरात आपटत होता. मला वाटलं, आनंदानं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रिमोट हरवला. दाजींनी स्वतः होऊन कळवलं नाही, माझ्या भाचीनं दुकानात फोन करून सांगितलं. मी धावत गेलो. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे की, कशाला घाई?" पण मी ऐकतोय होय? गादी उचलली, तक्के झटकले, आणि शेवटी रिमोट सापडला तो खाली पेढीत, गुळाचे नमुने ठेवायच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेला. "दाजी, हितं कसा आला हा?" दाजी म्हणाले, "आला असंल चालत." मी पोट धरून हसलो. पुढं तो कधी तांदळाच्या डब्यात, कधी माळ्यावर. एकदा तर सापडलाच नाही, तेव्हा मी कंपनीकडं पाठपुरावा करून दुसरा मागवला आणि दाजींच्या हातात असा ठेवला जसं नवजात पोर. आणि पुन्हा हरवू नये म्हणून काय केलं असेल? लिहितानाही कान गरम होतात. नायलॉनची दोरी आणली आणि रिमोट खुर्चीच्या हाताला बांधून टाकला. गोठ्यात रेडकू बांधावं तसा. गाठही अशी मारली की दातानंसुद्धा सुटू नये. दाजींनी दोरी ओढून बघितली आणि म्हणाले, "पावणं, लई उपकार झाले."

एकदा आम्ही सगळे पन्हाळ्याला गेलतो. दाजी आणि मी तटावर बसलो होतो, अक्का पलीकडं पोरीबरोबर कणीस खात होती. दाजी अक्काकडं बघत मला म्हणाले, "पावणं, तुमच्या दुकानात बिघडल्यालं यंत्र मिळंल काय एखादं?" मी म्हटलं, "बिघडलेलं कशाला दाजी?" ते म्हणाले, "न्हाय, आपलं... इचारलं." मी हा किस्सा पुढं कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितला. माझे दाजी बघा, गुळाचे एवढे मोठे व्यापारी, दुकानात बिघडलेला माल मागतात! गिऱ्हाईक हसायचं, माल विकला जायचा. माणूस माझ्याकडं पदर पसरत होता आणि मी त्याचा विनोद करून विकला.

घर मात्र शांत झालं. मला ती शांतता माझ्या यंत्राची करामत वाटायची. आवाज कसा बेताचा, अगदी मी म्हणत होतो तसा. दाजी खुर्चीत, दोरीला रिमोट. अक्का आत. गॅस संपला की पोरगी बाहेर येऊन सांगायची. भाचीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. मग निरोप सांगायलाही कुणी उरलं नाही. मधल्या काळात दाजींच्या छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलं. त्यावर मी काय म्हणालो? "बघ अक्का, बरं झालं की न्हाय रिमोट घेतला ते?"

आता मागच्या वर्षीची गोष्ट. दुपार कलली होती. मी मार्केट यार्डातून परतताना सहज दाजींकडं वळलो. खालूनच गाणं ऐकू आलं, आणि केवढं! जिन्यात पायाला थरथर लागत होती. मी घाबरलो. मला वाटलं, दाजींना काहीतरी झालं, रिमोटवर हात पडून राहिला. धावत वर गेलो. दाजी खुर्चीत ताठ बसले होते. रिमोटच्या पाठीचं झाकण उघडं, सेल काढून शेजारी खिडकीत ठेवलेले. बटण हातानं पार वर नेलेलं. आणि ते गाण्याकडं बघतच नव्हते. त्यांचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडं होते. मी दोन ढांगांत पुढं झालो आणि खाडकन आवाज कमी केला. "इतका मोठा लावत्यात होय दाजी? तब्येत काय, कराल्यासा काय!"

एकदम शांत झालं. दाजींनी माझ्या हाताकडं पाहिलं. बटणावरच्या हाताकडं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमास्नी न्हवतं बोलावलं, पावणं."

मी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात अक्का आली होती. ओले हात पदरात, पदर डोक्यावर सारखा केलेला. एक पाय उंबऱ्याच्या अलीकडं. तिनं मला बघितलं, बटणावरचा माझा हात बघितला, आणि पाय मागं घेऊन आत गेली.

मला तेव्हाही लगेच काही उमगलं नाही, हे कबूल करायला हवं. मी बसलो, पाणी प्यालो, सेल परत घालून दिले. हो, घालून दिले! झाकण लावून दिलं. परत निघाल्यावर दसरा चौकात सिग्नलला उभा होतो, तेव्हा कुठं ते माझ्या डोक्यात उतरलं... आणि उतरलं ते असं, की हिरवा दिवा लागून गेला, मागचे लोक हॉर्न मारायला लागले, एकजण जवळून जाताना ओरडला, "पावणं, झोपलासा काय?" मी खरंच झोपलो होतो. पंधरा-सोळा वर्षं.

दुसऱ्याच दिवशी इचलकरंजीला गेलो. म्हटलं, जुना ॲम्प्लिफायर परत आणायचा, पाया पडून आणायचा. कारखानदारानं तो कधीच बेळगावला कुणाला तरी देऊन टाकला होता. बेळगावला गेलो. तिथला माणूस घर बदलून निघून गेला होता, कुठं ते शेजाऱ्यांना माहीत नाही. मी हात हलवत परत आलो. मग ठरवलं, जुनं न्हाय तर न्हाय, दाजींकडं जाऊन निदान ती दोरी तरी कापायची. पण कुठल्या तोंडानं? काय म्हणून कापायची? दोघांच्या मधली गोष्ट मला कळली, असं त्यांना सांगायचं? आजची उद्यावर, उद्याची परवावर... दुकान, सण, सीझन. आणि मग तो फोन आला.

कार्य उरकल्यावर गेल्या आठवड्यात मी अक्काकडं गेलो. भाची पुण्याला परतली होती. अक्का एकटीच, आत शेंगा फोडत बसलेली. मी वाटेत सगळं भाषण पाठ केलं होतं. पाटावर बसलो, घसा साफ केला.

"अक्का, तो रिमोट..."

"काय झालं रिमोटला?"

"आणायला नको होता मी."

"आणलास तवा हुग्गी वरपलास की चांगली," ती शेंगेवरून नजर न काढता म्हणाली. मग शेंगा फोडायची थांबली. "तू म्हणालास, आता तुला उठून यायला नको. मला वाटलं, ह्येंनीच तुला सांगितलं असंल. तोंडानं बोलायची सवय कुठं हुती ह्येस्नी? मी म्हटलो, मी बाहीर आल्यालं नको झालं असंल माणसाला. पोर झालं, जाडी झालो. मग न्हाय आलो."

"पण विचारायचं की गं..."

"कुणाला इचारू? ह्ये भाईर, मी आत. आन मधी दोरी तुझी. रिमोट हरवला की मला कळायचं, लपवलाय म्हणून. मी हात धुवायचो. पदर सारखा करायचो. आन उठतोय न्हाय तोवर खाली तुझी स्कूटर वाजायची."

पाठ केलेलं भाषण कुठं गेलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "अक्का, ते यंत्र मी घेऊन जातो दुकानात. तुला नको ते डोळ्यासमोर."

"खबरदार हात लावलास तर," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "हात लाव. जा, लाव कायतरी. त्यांचं असतंय ते, भीमपलासचं."

मी सोप्यात आलो. खुर्ची जागेवर होती, खुर्चीच्या हाताला माझी दोरी. रिमोट तसाच लोंबत होता. त्याला मी हात लावला नाही. सीडी घातली आणि बटण हातानं फिरवलं. खरं सांगतो, त्या यंत्राचं बटण मी हातानं असं कधी फिरवलंच नव्हतं, दुकानातही नाही. जुन्यासारखं नव्हतं, जरा कोरडं होतं, मोटर अडते ते बोटाला कळत होतं. पण फिरत होतं.

आतून अक्का ओरडली, "मोठा कर की! ऐकू येईना!"

मी वाढवला. "आणि!" आणखी वाढवला. तबला सुरू झाला, काच थरथरायला लागली. समोरच्या गॅलरीतली बाई वाकून बघायला लागली. ज्या घरात महिन्यापूर्वी माणूस गेलं तिथं हे काय चाललंय म्हणून. मी तिच्याकडं बघून हात जोडले. आवाज इतका झाला की मला माझं रडणंही ऐकू येत नव्हतं, ते एक बरं झालं.

मग स्वयंपाकघराच्या दारात अक्का आली. हात पुसलेले. पदर डोक्यावरून घेतलेला. नजर खाली ठेवून, रिकाम्या गादीच्या कडेकडेनं, पाय आवरलेल्या माणसांतून वाट काढावी तशी ती चालत आली. मी आपला ॲम्प्लिफायर आणि खुर्ची यांच्या बरोबर मधे, डोळे पुसत उभा. ती येऊन माझ्यासमोर थांबली. मी हललो नाही. मला वाटलं, ती माझ्या पाठीवर हात ठेवणार.

तिनं मला कोपरानं ढोसलं.

"सरक की बाजूला, म्हाद्या. जवा बघावं तवा मधीच हुबा!"